पॅड नाही, म्हणून आजार नाही

“ए बाई, बेंच पर मत बैठ. गीला कर देगी.”

ओपीडीतली आया सगळ्या बायांसमोर ओरडली. मी उभीच राहिले. बी.ए. झालेली. आमच्या घरातली पहिली.

इकडे हिंदी मुलखात, गुढियारीच्या एका शाळेत मी सहावीला इतिहास शिकवायची. दुसऱ्या बाळंतपणापासून लघवी थांबेना. खोकलं की जायची. फळ्यावर वर लिहायला हात उचलला की जायची. एक दिवस पोरं साडीकडे बघून हसली. दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा सुटली. बरं व्हायचं होतं ते परत शिकवायला.

आत डॉक्टरीणबाई. बाजूला दोन शिकाऊ.

“दिन में कितने पैड?”

“पैड नहीं, मैडम. कपड़ा लगाती हूँ.”

“मतलब जीरो.”

एक शिकाऊ फिसकन हसला. बाईंनी कार्डावर लिहिलं, माइल्ड. मशीनवरची तपासणी फक्त सिव्हियरवाल्यांची. मग कार्डावरचं आडनाव वाचलं. म्हणाल्या, “कसरत करो. और तुम लोग थोड़ी सफाई रखा करो.”

तुम लोग.

बाहेर आईनं हात धरला. “चाल वं बाई. काहून डोकं लावून राहिली? डॉक्टर हाय ते.”

आई जन्मभर असंच चाल म्हणत आली. माझ्या पिशवीत सकाळपासूनची पाच फडकी होती. ओली. तिच्याच लुगड्याची. घरी नेऊन धुवायची म्हणून प्लास्टिकच्या पन्नीत बांधलेली. सोबत एक कोरडं, बदलायला. आणि मला एकदम दिसलं. बाईंचा प्रश्न माझं गळणं मोजतच नाही. दुकानातली पाकिटं मोजतो. जिच्याकडे पाकीट नाही, तिला आजारच नाही.

मी परत आत गेले. पन्नी टेबलावर ठेवली.

“सुबह से पाँच हुए. तौल लीजिए. सूखा भी लाई हूँ, उसका वजन घटा लीजिए.”

“पागल है क्या? हटाओ इसको!”

आयानं दंड धरून मला बाहेर काढलं. पन्नी मागून फेकली. आई रडत होती. फडकी मीच गोळा केली, सगळ्यांच्या पायांतून.

कोणी काही तोललं नाही. कार्डावर अजून माइल्डच आहे. आजही चार पावलं चालले की पाय ओले होतात.

आता मी घरीच तोलते. किराणावाल्याचा जुना काटा आणलाय. वेळ, कोरडं वजन, ओलं वजन. वहीत उतरवते. आई म्हणते, “लाज नाही वाटत?” वाटते. तरी लिहिते.

गुरुवारी ओपीडी आहे. वही बाईंसमोर उघडीन. ‘माइल्ड’ खोडल्याशिवाय त्या खोलीतून हलणार नाही. तिथंच, उभ्या उभ्या लघवी झाली तरी.