लोबानचा धूर

काल गुरुवारी मी घरात लोबान जाळला, तर धाकटा भाऊ दारातूनच ओरडला, "ताई, आपल्यात हे चालत नाय!"

माझं टाळकंच सरकलं. पडेगावच्या पुढच्या दर्ग्यात, असल्याच धुरात, याचं जावळ काढलं होतं. मामाच्या मांडीवर हा रडून लालबुंद झाला होता. मुजावरचाचांनी मोरपिसांचा कुंचा त्याच्या डोक्यावरून फिरवला, मग माझ्याही. त्या क्षणी आत जे शांत झालं, ते पुढं मला कुठल्याच देवळात मिळालं नाही. आधीची दोन लेकरं गमावलेली आई पदर पसरून म्हणाली, "पीरबाबानं दिलाय. नावबी त्याचंच ठेवते." नवसाचं मला तेव्हा काही कळत नव्हतं; दर्ग्याला जाणं म्हणजे सहलच वाटली होती.

"चालत नाय व्हय?" मी म्हणाले. "मग आईच्या फोटोसमोर उभा राहा अन् आधी नाव बदल तुझं, पिराजी!"