धाकटीच्या उजव्या पायाचा फर्मा

दादा जोडे बनवायचा. चाळीस वर्षं एकाच खोलीत, एकाच स्टुलावर. बोलायचा कमी, आणि दारातून कुणी आत आलं की तोंडाकडे न बघता पायांकडे बघायचा. पाय बघून सांगायचा, हा घरी भांडून आलाय, ह्याला उद्या पगार मिळणार. बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

त्याची धाकटी बहीण त्याच घरात राहायची, कपडे शिवायची. तिचा उजवा पाय जन्मापासून आखूड, तळवा आत वळलेला. दुकानातला जोडा तिला कधी झालाच नाही. ती सोळा वर्षांची होती तेव्हा दादाने तिच्या त्या पायाचा फर्मा कोरला. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, त्यावर चामडं ताणून जोडा बनतो. त्या एका फर्म्यावर त्याने तिला बावीस जोडे केले. आणि एक दिवस फर्म्याची टाचच हातात सुटून आली. आतून किड्याने खाल्लं होतं. बोट घातलं तर नुसतं पीठ.

नवा कोरायचा तर हात थरथरत होते. छातीचं दुखणंही सुरू झालं होतं. डॉक्टरांनी वहिनीला, दादाच्या बायकोला, बाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं, पण दरवाजा अर्धा उघडा, दादाने सगळं ऐकलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाला, "धाकटीच्या पायातला जोडा अजून दोन-तीन महिने निघेल. त्याच्या आत फर्मा व्हायला पाहिजे."

"आधी तुम्ही झोपा," वहिनी म्हणाली.

"झोपायला पुढे वेळच वेळ आहे."

वहिनीने हातातलं भांडं जरा जोरात ठेवलं. बस, त्यावर पुन्हा बोलणं नाही.

दादाचा एक मित्र घड्याळं दुरुस्त करायचा. त्याने हौसेने एक छोटं कोरायचं यंत्र जोडलं होतं, आणि डोळे अधू झाल्यावर ते दादाला देऊन टाकलं. कॉम्प्युटर सांगेल तसं ते सरकतं. त्याला दोन तोंडं. एक लेझरचं, म्हणजे उजेडाने लाकडावर अक्षरं जाळायचं. दुसरं गरगर फिरणाऱ्या कटरचं, त्याला स्पिंडल म्हणतात. दादा सातवी शिकलेला. तरी व्हिडिओ बघून बघून शिकला. आधी महिनाभर लेझरने फळ्यांवर घरातल्या सगळ्यांची नावं जाळली, हात बसावा म्हणून. मग जुन्या फर्म्याचे फोनने सगळ्या बाजूंनी फोटो काढून कॉम्प्युटरात त्याचा आकार केला. फर्मा दोन अर्ध्यांत कोरायचा आणि मग चिकटवायचा, असं ठरलं.

वहिनी म्हणायची, "खायला काळ आणि भुईला भार झालंय ते यंत्र."

"खात तर नाही ना काही," धाकटी म्हणायची.

"तुझ्या भावाचं डोकं खातंय की!"

लेझर उतरवला, स्पिंडल बसवला आणि सुरू केलं, तर काय. लाकूड जळायला लागलं, खोलीभर धूर. दादाला वाटलं लाकूड ओलं. दुसरं आणलं, तेही जळलं. मग शोधता शोधता कळलं, यंत्राच्या आकड्यांमध्ये स्पिंडलचे मिनिटाला जास्तीत जास्त फेरे एक हजार लिहिलेले, आणि दादा मागतोय आठ हजार. यंत्राला वाटायचं, मागणारा हजाराच्या वर गेला, द्या सगळा जोर. दादाने तिथे खरा आकडा भरला, बारा हजार. धूर थांबला. त्या दिवशी दादा आरशात बघून हसला, वहिनीने बघितलं.

पण कटर मोडायचे थांबेनात. कोरता कोरता यंत्राचं तोंड वर उचललं जायचं, दुसऱ्या जागी जायचं, खाली लाकडात शिरायचं आणि टक्. तुकडा उडून भिंतीला. दादाने कटर बदलला, वायर बदलली, स्क्रू आवळले, यंत्राखाली रबर घातलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. तीन आठवडे असे गेले. धाकटीचा जोडा अंगठ्याशी उसवला. तिने सांगितलं नाही, आतून दोरा घालून घेतला. पण पायांकडे बघणाऱ्यापासून काय लपणार.

दुपारी दादाला डुलकी लागायची. यंत्राशेजारीच, खुर्चीत. खिडकीतून उन्हाचा पट्टा यायचा आणि त्यात लाकडाचा भुसा तरंगत राहायचा, खाली पडायचं विसरल्यासारखा. एकदा जागा होऊन म्हणाला, "धाकटे, सगळे बावीस जोडे दिसले बघ. ओळीने रस्त्याने चालले होते. आत पाय कुणाचेच नाहीत. तरी टाचेचा आवाज तुझाच."

"कुठे चालले होते?"

"विचारायला गेलो तर जाग आली."

त्या दिवशी यंत्र सुरू केल्यावर धाकटी शिलाई सोडून येऊन उभी राहिली. बघितलं नाही, डोळे मिटून ऐकलं. कोरताना आवाज भरलेला, मोठ्या भुंग्यासारखा. वर उचललं की आवाज पडत जायचा, पडत जायचा, अगदी झोपेत गेल्यासारखा. मग लाकडाला टेकताना दचकून उठायचा.

"दादा, हे अंथरुणातून उठायच्या आधीच कामाला हात घालतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या मशीनची सुई वर यायच्या आधी मी कापड ओढलं तर? सुई मोडणारच ना. हे वरून जाताना बंद का पडतंय?"

दादाने कपाळावर हात मारला. लेझरचं एक सेटिंग होतं. ते चालू असलं की रिकाम्या जागेवरून जाताना उजेड बंद. दादाला ते फार आवडलेलं. घरात कुणी रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवला तर तो अख्खी गल्ली ऐकेल असा ओरडायचा. "वापर नसेल तेव्हा बंद! घरंदाज यंत्र आहे," म्हणून त्याने ते स्पिंडलसाठीही मुद्दाम तसंच ठेवलं होतं. उजेड एका क्षणात लागतो, स्पिंडलला वेग घ्यायला वेळ लागतो, हे ध्यानातच आलं नाही.

"अहो, म्हणजे तुमच्या काटकसरीनेच कटर खाल्ले?" वहिनी आतून म्हणाली. तिला इतकं हसू आलं की ती दारातच बसली. दादाही हसला, मग खोकला, मग परत हसला.

त्या सेटिंगपुढे एकाच्या जागी शून्य लिहिलं, म्हणजे ते बंद. यंत्राचं तोंड वर उचललं गेलं, आवाज भरलेलाच राहिला, खाली आलं आणि लोण्यात शिरावं तसं शिरलं. पाच तास कुणी जागचं हललं नाही. लाकडातून हळूहळू तळवा वर येत होता, आधी टाच, मग तो आत वळलेला भाग, पाण्यातून कुणी झोपेत चालत बाहेर यावं तसा.

दुसरा अर्धा दोन दिवसांनी झाला. चिकटवला, घासला. चामडं दादाने ताणलं, टाके मात्र त्याच्या हाताने पडेनात, ते धाकटीने घातले. तिने जोडा घालून खोलीच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चार फेऱ्या मारल्या. दादा पायांकडेच बघत होता.

"कुठे टोचतं?"

"कुठेच नाही."

"खोटं बोलू नकोस."

"करंगळीला, जरासं."

त्याने जोडा काढायला लावला, करंगळीपाशी चामडं ठोकून सैल केलं आणि परत घालायला दिला. मग म्हणाला, "आता बाहेर जाऊन ये. लांब जा."

ती लांब गेली. परत आली तेव्हा तो झोपला होता, आणि पुढचे सात आठवडे तो जास्त करून झोपलेलाच होता. मग गेला.

तो जोडा दीड वर्ष चालला. तळ झिजला तेव्हा धाकटी फर्मा पिशवीत घालून पलीकडच्या रस्त्यावरच्या जोडेवाल्याकडे गेली. त्याने फर्मा हातात फिरवून बघितला, उजेडात धरला, आतल्या वळणावर अंगठा फिरवला.

"कुणी केलाय हो हा?"

"भावाने," ती म्हणाली, आणि स्टुलावर बसून उजवा पाय पुढे केला.