दहावा व्हॉल्व्ह

"आदी तापू द्या. थंड काचंवर मत द्यायचं न्हाई," असं म्हणून आबा समोरच्याच्या हातातला हेडफोन काढून घ्यायचे आणि स्वतःच्या मांडीवर ठेवून बसायचे. व्हॉल्व्ह तापेपर्यंतच्या त्या चार-पाच मिनिटांत भल्याभल्यांची चुळबुळ व्हायची. आबा मात्र देवापुढे बसल्यासारखे शांत.

मूळचे इंदुरीचे. घरची भातशेती भावांवर सोपवून ते रेल्वेच्या टेलिफोन खात्यात लागले आणि निवृत्तीनंतर घोरावाडी स्टेशनाजवळ दोन खोल्यांत राहिले. जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असायचे, तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. तसला एक व्हॉल्व्ह लावून आबांनी हेडफोनसाठी अ‍ॅम्प्लिफायर बनवला होता. व्हॉल्व्ह बदलला की आवाजाचा पोत बदलतो, आणि तो बदल पकडायचा, हा त्यांचा रविवार सकाळचा उद्योग. त्यात मी सापडलो. मी तळेगावात शाळामास्तर. वर्गात ओरडून माझेच कान किटलेले, पण आबांना ते पसंत पडले. का, ते मला कधीच कळलं नाही.

त्यांची एक शिस्त होती. एकाने फडक्याआड व्हॉल्व्ह बदलायचा आणि कोणता लावला ते लिहायचं. दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करून ऐकायचं आणि कोणता वाटला ते लिहायचं. मधे कोणी बोलायचं नाही. शेवटी दोन्ही चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. "एक बोलला की दुसऱ्यालाबी तेच ऐकू येतंय," आबा म्हणायचे. मी एकदा चुकून "हा गोड आहे" म्हणून गेलो, तर महिनाभर मला "गोड मास्तर" अशी हाक मारत होते.

एका रविवारी मात्र त्यांनी चहाही विचारला नाही.

"कानाचा डॉक्टर म्हन्तो, तुमचे वरचे सूर गेले. यंत्र लावून बघितलं म्हनं. मी यंत्राला मानत न्हाई."

सारा जन्म यंत्रांत गेलेला माणूस हे बोलत होता. मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं.

"जर्मन आन् रशियन, दोनच व्हॉल्व्ह घ्या. दहा खेपा लावा, तुमच्या मनाला येईल तसं. नऊ बरोबर आले तर डॉक्टर चुकला. न्हाई आले तर हेडफोन खुंटीला."

मी बसलो फडक्याआड. दर वेळी बटण बंद करायचं, गरम काच फडक्यात धरून उपसायची, दुसरी बसवायची, तापू द्यायची. दर वेळी त्याच गाण्याचं तेच कडवं. सुरुवातीला आबांचं पेन झरझर चालत होतं. पाचव्या खेपेनंतर ते थांबायला लागलं. सातव्या खेपेला त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला आणि कडवं पुन्हा लावायला सांगितलं. मानेवर घाम दिसत होता.

दहा खेपा झाल्या. घडी केलेली चिठ्ठी माझ्या हातात देऊन ते तोंड धुवायला मागच्या नळावर गेले. मला धीर निघाला नाही. शिस्त मोडून मी चिठ्ठी उघडली. दहापैकी पाच बरोबर. नाणं उडवून लिहिलं असतं तरी तेवढेच आले असते.

माझी यादी पेन्सिलीने लिहिलेली होती. खोडरबर खिशात होता, मास्तरच्या असतोच. चार ठिकाणी खोडलं आणि तिथे आबांनी लिहिलं होतं तेच लिहिलं.

आबा आले. बोट ठेवून एकेक जुळवलं. "नऊ!" आणि मग आतल्या बाजूला तोंड करून, "अगं, डॉक्टर येडा हाय!" पिठाचे हात घेऊन आबांची बायको, आमच्या मावशी, दारात आल्या आणि हसल्या.

सवयीने आबांनी फडकं उचललं. दहावा व्हॉल्व्ह अजून जागेवरच होता, हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. माझ्या चिठ्ठीत दहावा जर्मन होता. समोर रशियन पेटलेला होता.

त्यांनी चिठ्ठी उजेडात धरून खोडलेल्या जागा पाहिल्या.

"खरे किती?"

"पाच."

"डॉक्टरनं निदान तोंडावर सांगितलं," ते म्हणाले. "तुमी माज्या घरात बसून खोटं लिवलं." मावशी हाताचं पीठ पुसत आत गेल्या. इतकी शरम मला आयुष्यात दुसऱ्यांदा वाटलेली नाही.

तीन रविवार मी गेलो नाही. चौथ्या रविवारी फोन आला, "या."

हेडफोन खुंटीवर होता. आबांनी तो काढून माझ्या हातात दिला. "मी बदलतो. तुमी ऐका."

पहिली खेप झाली, दुसरी झाली. मला काहीच वेगळं ऐकू येईना. पुन्हा ऐकलं, तरी नाही. फडक्याआडून त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. काय लिहिलं म्हणजे त्यांना बरं वाटेल, हा विचार मनात आला, नाही असं नाही. शेवटी लिहिलं, 'फरक नाही.'

आबांनी फडकं बाजूला केलं. त्यांनी व्हॉल्व्ह बदललाच नव्हता.

"आता तुमचं खरं मानतो," म्हणाले, आणि मावशींना चहा टाकायला सांगितला.

त्यानंतर त्यांनी कधी हेडफोन लावला नाही. मी ऐकायचं आणि त्यांनी माझी चिठ्ठी वाचायची, असे दोन वर्षं रविवार झाले. गेल्या चैत्रात आबा गेले. दोन्ही व्हॉल्व्ह मावशींनी मला दिले आहेत. मी ते आलटून पालटून लावतो, फरक ऐकतो, आणि सांगायला कोणी नसतं.

आबा जाण्याआधीच्या शेवटच्या रविवारी त्यांनी चिठ्ठी घेतली नाही. "तोंडानं सांगा मास्तर. जर्मनवर काय ऐकू येतंय?"

"सूर लावायच्या आधी गाणारी बाई श्वास घेते, आबा. तो ऐकू येतोय."

खरंच येत होता.

आबांनी डोळे मिटले. "व्हय," ते म्हणाले. "तितंच घेती ती."