नवरा गेल्यावरची माळ

त्या रविवारी जर्मनीतल्या कोलोनच्या जुन्या बाजारात आम्ही तिघी होतो. मी, माझी सून मेघना आणि काळे दागिने विकणारी ती म्हातारी. तिचं नाव विचारायचं राहिलं. माझे पाय भरून आले होते, तर तिनं स्वतःचं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

दागिने जेटचे, म्हणजे कोळशासारख्या हलक्या दगडाचे. द्यायच्या आधी प्रत्येक माळ ती गालाला लावून बघायची. काच असली तर गार लागते. हल्ली पोरींना आवडतात म्हणे, मेघनालाही पार्टीला हवी होती.

"आई, पूर्वी इकडे नवरा गेला की बायका हे घालायच्या," मेघना हळूच म्हणाली.

आमच्यात उलटं. हे गेले तेव्हा जावेनं माझे काळे मणी तोडले. मला कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

म्हातारीच्या गळ्यातही माळ होती. मी बोट दाखवलं. ती जर्मनमध्ये मेघनाला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते गं?"

"म्हणते, तो मेला, पण बायको मीच आहे की त्याची."

मी मान पुढे केली. म्हातारीनं एक माळ गालाला लावली आणि माझ्या गळ्यात घातली.

हे वाचाल त्यांना एवढंच सांगते. घरात कुणाचा नवरा गेला, तर तिच्या गळ्याला हात लावायच्या आधी तिला विचारा.