सात घरांचा भाचा

गुरुवार, १२ ऑक्टोबर १९८९, दुपारी साडेबारा. माझा भाचा जेवायला आला नाही आणि नौपाड्यातील आमची अख्खी इमारत गॅलरीत येऊन उभी राहिली. जेवणाच्या वेळेबाबत त्याच्याइतका काटेकोर मनुष्य ठाणे शहराने पाहिला नसेल.

हा काटेकोरपणा त्याने तुरुंगातून आणला. त्यापूर्वी गर्दच्या व्यसनापायी त्याने इमारतीतील पितळी नळ एकेक करून विकले होते. सुटून आल्यावर रहिवाशांनी त्याला नळदुरुस्तीचेच काम दिले. काढण्याचा सराव होता, बसवणे तेवढे शिकायचे होते. शिवाय जुन्या काळी गरीब विद्यार्थ्यांना लावत, तसे सात घरांनी त्याला वार लावून दिले. रोज एका घरी जेवण. यात दया कमी, पहारा अधिक. गर्द ओढणाऱ्याची भूक मरते, असे डॉक्टरांनी सांगितल्यामुळे त्याच्या प्रत्येक घासावर नजर असे. तो भिंतीला पाठ लावून पाच मिनिटांत जेवे, ताट घासे आणि यजमानांपुढे उलटसुलट करून दाखवी. "अरे, आमच्याकडे तपासणी नसते," गुरुवारच्या लेलेकाकू म्हणत. "असू दे काकू, सवय झालीय." इमारतीचा चिटणीस या नात्याने मी एकच अट घातली होती : एक वार चुकला, की सातही बंद.

संध्याकाळी साडेसातला तो लेलेकाकूंच्या दारात आला; मी तिथेच वाट पाहत होतो.

"कुठे होतास?"

"विठ्ठलवाडीला गेलेलो, मामा. जुन्या अड्ड्यावर. बाहेरच उभा होतो."

"किती वेळ?"

"सगळी दुपार."

"ओढलंस?"

"नाही."

"कशावरून?"

तो लेलेकाकूंकडे वळला. "काकू, भात उरलाय का? जाम भूक लागलीय."

काकूंनी पान वाढले. त्याने चौथ्यांदा भात मागितला, तेव्हा त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "काय चिटणीस, तुमचा नियम काय म्हणतो?"

"गुरुवार संपायला अजून चार तास आहेत," मी म्हणालो.

माझी दिवंगत बहीण भातात खळगा करून आमटी घेई. तोही तशीच घेतो, हे इतक्या वर्षांत मी पाहिले नव्हते.

शुक्रवारचा वार दुसऱ्या मजल्यावरील सावंतांकडे होता. मी जिना चढून गेलो आणि उद्या तांदूळ थोडे जास्त घ्या, असे सांगून आलो.