बर्फातली बोटं

दक्षिण ध्रुवावर चालत गेलेल्या माणसांची मालिका टीव्हीवर चालू आहे. काल त्यातल्या एकाची बोटं थंडीने काळी पडली. माझ्या मुलाने डोळे पुसले. “आई, काय सोसलं गं या लोकांनी!”

मी कोळंबीच्या कारखान्यात बावीस वर्षं बर्फात हात घालून कोळंबी सोलली. बोटांना अजून गरम-गार कळत नाही. म्हटलं, “मीही बर्फातच होते की रे.”

“ते वेगळं, आई. हे लोक स्वतःहून गेले होते.”

खरं आहे. मी याच्या शाळेसाठी गेले होते. लहानपणी हा माझ्या हातचा घास घेत नसे, वास येतो म्हणायचा.

माझी दहाही बोटं शाबूत आहेत. एखादं गळून पडलं असतं, तर याला दिसलं असतं.