काढून टाकलेला रकाना

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं — आईला नाही, नवऱ्याला नाही. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा तोंडातून निघालं. आता तुम्हालाही सांगते. अर्धंच सांगितलं तर तेही खोटंच, नाही का?

मी मोहाडीची. भंडाऱ्यात एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. लाखांदूरच्या एका सहकारी सोसायटीत शेतकरी धान विकायला नाव नोंदवतात; त्या नोंदणीचं सॉफ्टवेअर माझंच. तिथं काउंटरवर सुषमाताई असायच्या. घरची मंडळी तलावात मासेमारी करणारी. कॉम्प्युटर शिकलेली त्यांच्या वस्तीतली ही पहिलीच बाई.

हंगाम सुरू झाला आणि त्यांचा फोन आला. "मॅडम, नाव टाकलं का स्क्रीनवर नुसता चक्का फिरून राहिला. लोकं एसटीनं येऊन उभे आहेत, मलेच बोलून राहिले. काय करू?"

मी सर्व्हरचा लॉग उघडला. डेटाबेसला कोणी काय विचारलं, उत्तराला किती वेळ लागला — सर्व्हर सगळं लिहून ठेवतो. मी वेळ पाहिली आणि — कसं सांगू? — चूक समोरच होती. माझी. नाव शोधायची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, मी अशी लिहिली होती, की एका नावासाठी अख्ख्या तालुक्याची यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जायची. माझ्या मशीनवर चार खोटी नावं होती, तिथं ती झटकन चालायची. खऱ्या यादीवर मी ती तपासलीच नव्हती.

सांगायला काय जात होतं? दुपारभरात दुरुस्त होणारं काम. पण नेमकं तेव्हाच मला टीम लीडर करायचं चाललं होतं, आणि सोसायटीच्या सचिवांनी सरांना — आमच्या मालकांना — बैठकीला बोलावलं होतं.

लॉगमध्ये आणखी एक गोष्ट होती. उत्तर येईना म्हणून सुषमाताई तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत होत्या. मी — तेवढ्याच ओळी वेगळ्या काढल्या. उत्तराला लागलेल्या वेळेचा रकाना काढून टाकला. सरांसोबत बैठकीला गेले, कागद सचिवांसमोर ठेवला आणि म्हणाले, "सॉफ्टवेअर ठीक आहे. ऑपरेटर घाई करतात, त्यानं सर्व्हर अडकतो."

सुषमाताई दाराशी उभ्या होत्या. "मी आधी एकदाच दाबतो, मॅडम. नाही झालं तवाच —" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे.

त्यांना कामावरून काढलं. मी क्वेरी गुपचूप दुरुस्त केली. नवीन ऑपरेटर आली तेव्हा सगळे म्हणाले, किती चपळ बाई आहे! ते ऐकून मी हसले. हो — हसले.

गेल्या आठवड्यात ऑफिसात नव्या पोरींना लॉग वाचायला शिकवत होते. एकीनं विचारलं, "मॅडम, आधी काय पाहायचं?" "वेळ," मी म्हणाले, आणि मला तो काढून टाकलेला रकाना आठवला. त्याच दिवशी ठरवलं. सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जुनं काहून उकरून राहिली? सोसायटीचं हातचं काम जाईल." मी म्हटलं, "जाऊ द्या, सर. मी सांगणार आहे."

सुषमाताई बाजारात मासे विकत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्या गिऱ्हाइकाचे मासे कापत राहिल्या. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाल्या, "मले कायले सांगता? मले तं तवाच मालूम होतं. ज्याईले मालूम नाही, त्याईले सांगा."

शेजारी बसलेल्या आपल्या जाऊबाईंना मासे सांभाळायला सांगून त्या माझ्यासोबत सोसायटीत आल्या. सचिव, नवीन ऑपरेटर, रांगेतली माणसं — सगळ्यांसमोर मी म्हणाले, "तेव्हा कॉम्प्युटर माझ्या चुकीनं अडत होता. मला ते माहीत होतं. तरी मी यांचं नाव घेतलं."

सचिवांनी चहा मागवायला सांगितला. "नोको," सुषमाताई म्हणाल्या, "माहा बाजार उठून जाईल." आणि निघाल्या. मी त्यांना थांबवलं नाही.

एका बाईचं काम मी जाणूनबुजून घालवलं. आता ते तिथल्या सगळ्यांना माहीत आहे.